जुन्या लेथवर आटे पाडताना : झिजलेल्या भागांची जुळणी आणि देखभाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे प्रश्न साध्या सेंटर लेथबद्दल आहेत. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या बहुतेक छोट्या वर्कशॉपमध्ये असतो तसा, इंचाला ४ आटे किंवा ६ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) लीड स्क्रू, म्हणजे टूल धरणारं सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, असलेला. सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही. दुरुस्तीचं कोणतंही काम करताना मेन स्विच बंद असला पाहिजे. नुसतं लिव्हर न्यूट्रलला टाकून गिअरच्या कव्हरमध्ये हात घालू नका.

मशीन वीस-पंचवीस वर्षं जुनं आहे, सगळीकडे प्ले (ढिलेपणा) आहे. यावर आटे बरोबर पडणारच नाहीत का?

पडतील. प्ले आहे म्हणून आटा बिघडतोच असं नाही, आणि सगळी गडबड या एका गैरसमजातून सुरू होते. आटे पाडताना लीड स्क्रू हाफ नटला (त्याच्यावर मिटणाऱ्या दोन भागांच्या नटला) एकाच बाजूने ढकलत असतो. टूल जॉबला (कापायच्या तुकड्याला) लागण्याआधी सॅडल थोडं पुढे सरकलं की गिअर, स्क्रू, नट या साखळीतला सगळा ढिलेपणा एका बाजूला जातो आणि पूर्ण कट होईपर्यंत तिथेच राहतो. म्हणून टूल जॉबच्या तोंडापासून निदान तीन-चार पिच मागे घेऊन सुरुवात करायची. एवढं केलं की हाफ नटमध्ये अर्धा मिमी प्ले असलेल्या मशीनवरही चांगला आटा निघतो.

घातक असतात त्या दोन गोष्टी. एक, दर फेऱ्याला कमी-जास्त होणारा प्ले. दुसरी, एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी झालेली झीज. कोणता स्क्रू कसायचा हे ठरवण्याआधी आपला प्ले यातल्या कोणत्या जातीचा आहे ते बघा. दिसेल तो स्क्रू आवळत सुटलेल्या मशीनवर खरा दोष शोधणं फार अवघड होऊन बसतं.

मग दोष नक्की कुठे आहे हे ओळखायचं कसं?

जॉबच सांगतो. वाकडा पडलेला आटा भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून नीट बघा.

आट्याच्या बाजूवर पायरी किंवा दुहेरी रेघ दिसत असेल तर दोन कटांच्या मध्ये काहीतरी हललं आहे. टूल पोस्टचा बोल्ट, कंपाउंड स्लाइडची (टूल तिरकं सरकवणाऱ्या वरच्या स्लाइडची) गिब, म्हणजे फट भरणारी पट्टी, पूर्ण न बसलेला हाफ नट, किंवा चकमध्ये सरकलेला जॉब. यात लीड स्क्रूचा काही संबंध नसतो.

आटे ठरावीक अंतराने जाड-बारीक होत असतील तर ते अंतर स्केलने मोजा. ते लीड स्क्रूच्या पिचइतकं, म्हणजे ४ आट्यांच्या स्क्रूला ६.३५ मिमी, आलं तर दोष लीड स्क्रूवर, त्याच्या थ्रस्टच्या (टोकाचा जोर झेलणाऱ्या) जागी किंवा त्याच्याच शाफ्टवरच्या गिअरमध्ये आहे. कारण लीड स्क्रू एक फेरा फिरला की सॅडल तेवढंच सरकतं. अंतर वेगळं आलं तर गिअरबॉक्समधला किंवा बँजोवरचा (बदलायचे गिअर बसतात त्या ब्रॅकेटवरचा) एखादा गिअर तपासा : तुटका दात, दातात अडकलेली चिप, ढिली झालेली की (गिअर शाफ्टला धरणारी खीळ). प्रत्येक आटा सारखाच नागमोडी असेल, पिच गेज बरोबर बसत असेल आणि तरी नट डुलत जात असेल, तर संशय स्पिंडलवर (चक फिरवणाऱ्या शाफ्टवर) घ्या.

नट पहिले काही आटे छान जातो आणि मग आवळत जाऊन अडकतो, ही तक्रार असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

एम १६ चे आटे २ मिमी पिचने पाडले. नट चार-पाच आटे जातो आणि अडकतो. लीड स्क्रू झिजला असेल का?

बहुतेक नाही. चार-पाच आट्यांत नट अडकवण्याइतका फरक झिजेने पडत नाही. गिअर कोणते लावलेत ते बघा. इंची लेथवर मेट्रिकचे गिअर हाताशी नसले की इंचाला १२ आटे लावून ‘जवळपास तेच आहे’ म्हणत काम रेटलं जातं. पण १२ आट्यांचं पिच २.११७ मिमी होतं. दर आट्याला ०.११७ मिमीचा फरक म्हणजे चौथ्या-पाचव्या आट्यापर्यंत अर्धा मिमी. नट अडकणारच.

इंची लीड स्क्रूवरून मेट्रिक पिच अचूक हवं तर १२७ दातांचा गिअर लागतो. २५.४ ला ५ ने गुणलं की १२७ येतात आणि त्याहून लहान पूर्ण आकडा जुळत नाही. हा गिअर मोठा असतो, काही मशीनच्या कव्हरमध्ये मावतच नाही. तिथे ६३ दातांच्या गिअरवर भागवतात. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवे असतात १.२७. ३०० मिमी लांबीत चूक येते ०.०४ मिमीच्या आत. बोल्ट-स्टडच्या कामाला ती कधी जाणवणारही नाही.

अशा मिश्र कामात, म्हणजे इंची स्क्रूवर मेट्रिक किंवा मेट्रिक स्क्रूवर इंची आटा, एकदा लावलेला हाफ नट काम संपेपर्यंत उघडायचा नाही. टूल बाहेर काढायचं, मशीन उलटं फिरवून सॅडल मागे न्यायचं, जॉबच्या तोंडाच्या मागे नेऊन परत पुढे घ्यायचं. चक आट्यांवर बसवलेला असेल तर झटक्यात उलटं फिरवू नका, चक सैल होऊन सुटू शकतो.

लीड स्क्रूचा एंड प्ले (लांबीच्या दिशेचा ढिलेपणा) कसा मोजायचा आणि कसा काढायचा?

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बहुतेक वर्कशॉपमध्ये मशीन बसवल्यापासून कोणी केलेलं नसतं.

लीड स्क्रूच्या टेलस्टॉककडच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. ते पुसून त्यात ग्रीसच्या ठिपक्याने स्टीलची छोटी गोळी बसवा. डायल गेज मॅग्नेटिक स्टँडवर बेडला लावा आणि तिची टोकदार नव्हे, सपाट टोकाची पिन त्या गोळीवर टेकवा. आता हाफ नट लावा आणि सॅडलचं चाक हाताने हळूच मागे-पुढे ढकला. सुई जेवढी हलेल तेवढा लीड स्क्रूचा एंड प्ले. दुसरी डायल गेज असेल तर ती सॅडलवर टेकवा. सॅडल जेवढं हललं त्यातून लीड स्क्रू जेवढा हलला ते वजा केलं की उरतो तो हाफ नटचा प्ले. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी उपयोगी पडतात.

जुळणीसाठी ब्रॅकेटच्या बाहेर किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी दोन चाक्या (नट) एकमेकींवर लॉक केलेल्या असतात. बाहेरची सैल करा, आतली थोडी थोडी आवळा. सुई दोन-तीन शतांश मिमीवर आली आणि लीड स्क्रू अजून हाताने, न अडता फिरतोय, इथे थांबायचं. शून्य करायच्या नादात थ्रस्ट वॉशर जळतात. लॉकची चाकी घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण लॉक करताना आतली चाकी थोडी सरकतेच.

एवढं झाल्यावर शेवटची तपासणी. मेन स्विच चालू करून सगळ्यात कमी स्पीडला, सॅडलपुढे जागा मोकळी ठेवून आणि कपड्यांची सैल टोकं दूर ठेवून मशीन फिरवा. सुई प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी पुढे-मागे जात असेल तर थ्रस्टची बाजू काटकोनात नाही किंवा वॉशर एका अंगाने खाल्ला गेला आहे. मग चाक्या कितीही आवळा, फरक पडणार नाही. वॉशर काढून दोन्ही बाजू समांतर ग्राइंड करून घ्या किंवा नवीन बसवा. जिथे थ्रस्ट बेअरिंग आहे तिथे ते बदला, ती महाग वस्तू नाही.

हाफ नटचं लिव्हर कटच्या मध्येच वर उसळतं. काय करू?

आधी ॲप्रनच्या (सॅडलला पुढून लटकणाऱ्या खोक्याच्या) खालून टॉर्च मारा. बिडाची कामं होतात त्या लेथवर हाफ नटच्या आट्यांच्या तळाशी तेल आणि बिडाचा भुगा यांचा काळा, दगडासारखा थर बसलेला सापडतो. त्यामुळे हाफ नट पूर्ण मिटतच नाही, आट्यांच्या फक्त शेंड्यावर पकडतो आणि जोर आला की निसटतो. रॉकेल आणि पितळी ब्रशने तो थर काढा. अर्धी मशीनं इथेच बरी होतात.

साफ करूनही उसळत असेल तर दात बघा. ॲक्मे (तिरक्या बाजूंच्या) आट्याचा शेंडा सपाट असतो. तो झिजून सुरीसारखा धारदार झाला असेल तर हाफ नट संपला. शेंड्यावर अजून सपाटी आहे पण दोन्ही भाग एकमेकांशी तिरके मिटतात, तर ॲप्रनच्या मागे हाफ नट ज्या खाचेत वर-खाली सरकतो तिथली गिब ढिली आहे. बाजूचे ग्रब स्क्रू एकेक करून, पाव फेऱ्याहून कमी, आवळा आणि दर वेळी लिव्हर मारून बघा. लिव्हर स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, पण दोन्ही हात लावायची वेळही येऊ नये. कॅमची पिन आणि तिची खाच झिजली असेल तर पिन बदलावी लागते. काही लेथवर हाफ नट किती खोल मिटावा हे ठरवणारा एक अडवणारा स्क्रू असतो. झीज झाल्यावर तो थोडा मागे घेतला की पकड परत येते.

लिव्हरला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून काम चालवणारे खूप आहेत. ते सरळ बंद करा. जॉबच्या खांद्याशी पोहोचताना हाफ नट क्षणात उघडता आला नाही तर टूल, जॉब आणि कधीकधी हाताची बोटं, यांपैकी काहीतरी जातं.

हाफ नट नवीन करून घेताना काय सांगायचं?

दोन्ही भाग जोडीनेच बदला. कारागिराला जुना हाफ नट आणि शक्य असेल तर लीड स्क्रूच्या न झिजलेल्या भागाचं माप द्या. गनमेटलचा एकच ठोकळा घेऊन, आत आटे पाडून, मग मधून कापून दोन भाग करतात. म्हणून कापणीत जाणारी करवतीची जाडी आधीच धरायला सांगा, नाहीतर दोन अर्ध्यांमधलं भोक अंड्यासारखं होतं. इंची ॲक्मेचा कोन २९ अंश, मेट्रिक ट्रॅपेझॉइडलचा ३० अंश. फरक एका अंशाचाच आहे, पण कोणता ते नक्की करून घ्या. फार जुन्या मशीनवर चौकोनी आटाही सापडतो.

मटेरियल कडक घेऊ नका. हाफ नट झिजायचा आणि लीड स्क्रू टिकायचा, अशीच ती रचना आहे.

लीड स्क्रू चकजवळ झिजला आहे. बदलावाच लागेल?

चकजवळच्या फूट-दीड फुटात तो सगळ्यांचाच झिजतो, कारण कामं तिथेच होतात. व्हर्नियरने एका आट्याची जाडी चकच्या बाजूला मोजा आणि टेलस्टॉकच्या टोकाला मोजा. फरक किती आहे ते लगेच कळेल.

पण आट्याची जाडी कमी झाली म्हणून पिच चुकलं असं होत नाही. सारखी झीज असेल तर आटा बरोबरच निघतो. चूक येते ती कमी झिजलेला भाग संपून जास्त झिजलेला सुरू होतो त्या पट्ट्यात. खात्री करायची तर ३५०-४०० मिमीचा एक बार सेंटरमध्ये धरा, ३ मिमी पिच लावा आणि टूलने नुसती रेघ उमटेल एवढाच कट घ्या. १०० आट्यांना ३०० मिमी भरले पाहिजेत. मग २०-२० आट्यांचे तुकडे, म्हणजे ६० मिमी, व्हर्नियरने वेगवेगळ्या जागी मोजा. एखाद्याच तुकड्यात माप सुटत असेल तर झिजलेला पट्टा सापडला.

बोल्ट, स्टड, पाइपचे आटे एवढीच कामं असतील तर हा लीड स्क्रू अजून बरीच वर्षं चालेल. आटे छोटे असतात, त्या लांबीत चूक जमा व्हायला वेळच मिळत नाही. प्रेसचा किंवा व्हाइसचा लांब स्क्रू करायचा असेल तर जॉब पुढे काढून, सॅडल टेलस्टॉकच्या बाजूच्या चांगल्या भागात चालेल अशी मांडणी करा. टोकं पुन्हा मशीन करून लीड स्क्रू उलटा बसवण्याची युक्तीही जुनी आहे. त्याआधी दोन्ही टोकांची मापं आणि की-वेची जागा बघा. सगळ्या मशीनवर ते जमत नाही.

आणि एक सवय मोडा. फीड रॉड (साध्या कटाला सॅडल चालवणारा दांडा) वेगळा असताना साध्या टर्निंगलाही लीड स्क्रू जोडून ठेवायचा नाही. लीड स्क्रू फक्त आट्यांसाठी. हा एक नियम पाळला असता तर निम्मे लीड स्क्रू आज चांगले असते.

गिब किती कसायची?

क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आडवं नेणारी स्लाइड) आणि कंपाउंडची गिब निमुळती असेल तर दोन टोकांना दोन स्क्रू असतात. आधी मागचा सैल, मग पुढचा आवळायचा, शेवटी मागचा टेकवायचा. दोन्ही एकदम आवळले तर गिब वाकते. सपाट पट्टीची गिब असेल तर मधल्या स्क्रूपासून बाहेर जा, आणि लॉक नट आवळताना ॲलन कीने स्क्रू धरून ठेवा, नाहीतर जुळणी सुटते. स्लाइड पूर्ण लांबीभर एकसारखी, किंचित जड जायला हवी.

आटे पाडताना कंपाउंड ३० अंशाला थोडं कमी लावून त्यानेच कट द्यायची पद्धत असेल तर त्याची गिब नेहमीपेक्षा जड ठेवा. बहुतेक दुहेरी रेघा कंपाउंड ढिलं असण्यातूनच येतात. विटवर्थ (जुना इंची आटा) किंवा बीएसपीचा (पाइपचा आटा) कोन ५५ अंश, तिथे कंपाउंड २७ च्या आसपास लागतं.

सॅडलच्या खालच्या पट्ट्यांचं मात्र जपून. बेड चकजवळ खालावलेला असतो. तिथे सॅडल गच्च बसेल एवढी पट्टी कसली की टेलस्टॉककडे जाताना ते अडकतं. त्याला इलाज गिबमध्ये नाही, बेड ग्राइंड करण्यात आहे. तोपर्यंत चांगल्या भागात सरकेल एवढंच कसा.

क्रॉस स्लाइडचं चाक पाव फेरा मोकळं फिरतं.

फेऱ्याला ५ मिमी सरकणारा स्क्रू असेल तर तो सव्वा मिमी प्ले झाला. जास्त आहे, पण काम चालतं : टूल मागे घेताना पूर्ण एक फेरा घ्या आणि कट देताना नेहमी पुढेच येत मार्क जुळवा. नट दोन तुकड्यांचा असेल तर मधली पाचर खाली ओढणारा स्क्रू वरून दिसतो, तो आवळून प्ले कमी होतो. नट अखंड असेल तर बदलायचा. प्ले जास्त आणि गिबही ढिली असं दोन्ही एकत्र असेल तर टूल जॉबमध्ये ओढलं जातं. ते थांबवा आधी.

चेसिंग डायलवर (हाफ नट कधी मिटवायचा ते दाखवणाऱ्या तबकडीवर) खूण जुळवूनही एखादा कट भलतीकडेच पडतो.

डायल सॅडलला ओढत नाही, फक्त वेळ सांगतो. ४ आट्यांचा लीड स्क्रू आणि १६ दातांचा डायल असेल तर सम आट्यांना कोणतीही रेघ, विषम आट्यांना (१ इंच बीएसपीचे ११) फक्त आकड्यांच्या रेघा, आणि साडेअकरासारख्या अर्ध्या आट्यांना समोरासमोरचे आकडे. पण हाफ नट दर पाव इंचाला मिटू शकतो, म्हणजे दोन रेघांच्या मध्येही. डायलचा गिअर झिजला किंवा शाफ्टवर सैल झाला की रेघ थोडी पुढे-मागे दिसते आणि हात मधल्या जागी लिव्हर मारतो. हाफ नट मिटलेला ठेवून डायलची तबकडी सैल करा, रेघ खुणेला आणा, पुन्हा घट्ट करा. झालं.

चेंज गिअर किती जवळ बसवायचे?

दोन दातांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून गिअर दाबा, बँजोचा बोल्ट आवळा, हाताने फिरवून पट्टी काढा. कागद चुरगळलेला हवा, फाटलेला नको.

स्पिंडलचा प्ले आट्यांवर दिसतो का?

दिसतो, आणि थेट दिसतो. चकच्या तोंडावर डायल गेज लावून स्पिंडल लाकडी दांड्याने मागे-पुढे ढकला. सुई ठळक हलली तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बेअरिंग जुळवा. टेपर रोलर बेअरिंगची जुळणी मशीनच्या पुस्तकाप्रमाणे, आणि त्यानंतर अर्धा तास चालवून हेडस्टॉक हाताला किती गरम लागतो ते बघून.

लीड स्क्रूला ग्रीस चालेल?

नको. ग्रीसमध्ये भुगा रुततो आणि मग ती घासायची पेस्ट होते. स्लाइडवेचं ६८ ग्रेडचं तेल रोज सकाळी, आणि आठवड्यातून एकदा रॉकेलने धुऊन. धुताना काही जण मशीन चालू ठेवून आट्यात सुतळी धरतात. ती बोटाला गुंडाळली गेली तर हात आत जातो. मशीन बंद करा, चक हाताने फिरवा आणि ब्रश वापरा. लेथवर ग्राइंडिंग अटॅचमेंट किंवा पॉलिश पेपर वापरणार असाल तर बेड आणि लीड स्क्रू ओल्या कापडाने झाका आणि ते कापड नंतर झटकू नका, गुंडाळून उचला.

सुटे भाग मिळतात का?

बटाला, लुधियाना आणि राजकोटच्या लेथचे गिअर, हाफ नट, क्रॉस स्लाइडचे नट तयार मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा. पण एकाच गावच्या दोन मशीनची मापं जुळतीलच असं नाही, त्यामुळे जुना भाग पिशवीत घेऊनच जा. एचएमटी किंवा हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा लेथ असेल तर नशीबवान आहात. ही मशीनं दणकट असतात आणि जुना भंगार लेथ सुट्या भागांसाठी घेणंही परवडतं. त्यांचे भाग बनवून देणारे कारागीर कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला किंवा पुण्यात भोसरीत चौकशी केली तर सापडतात.

तोपर्यंत ऑर्डर थांबवायची का?

लहान मापांसाठी नको. लेथवर साधारण तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत आटा पाडा, चकमधून न काढता टेलस्टॉकच्या आधाराने डाय (आटे पाडणारी कडी) धरा आणि हाताने चक फिरवत फिनिश करा. डाय सरळ सुरू होतो, आट्याच्या बाजू साफ निघतात. एम २४ च्या पुढे हातात एवढा जोर राहत नाही. तिथे शेवटचे दोन कट पुढे न देता, त्याच मार्कवर नुसते फिरवून घ्या, आणि रिंग गेज (आटा तपासायची कडी) नसेल तर गिऱ्हाइकाकडून त्याचाच नट मागवून ठेवा.